उष्टी सजावट, ईको पॅकेज आणि उसाचे तुरे

पत्र थोडक्यात असं: पुण्यातली २९ वर्षांची वाचक, लग्न मार्गशीर्षात, साधारण ४०० माणसं, हॉल बुक झालाय. थर्माकोल, प्लास्टिकची फुलं, एका दिवसात कचऱ्यात जाणारी सजावट, यातलं काही तिला नकोय. डेकोरेटरने दोन कोटेशन दिली, नेहमीचं १ लाख ६० हजारांचं आणि 'ईको पॅकेज' २ लाख ८० हजारांचं. बाबा म्हणतात, निसर्ग वाचवायला जवळजवळ सव्वा लाख जास्त का लागतात ते मला कुणीतरी समजावा. मग तिने दुसरा मार्ग काढला, आदल्या संध्याकाळी त्याच हॉलमध्ये दुसऱ्या कुटुंबाचं रिसेप्शन आहे, त्यांचीच स्टेजची सजावट तशीच ठेवायची आणि खर्च वाटून घ्यायचा. त्यावर होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "दुसऱ्याच्या लग्नातली उष्टी सजावट आमच्याकडे चालणार नाही, अशुभ असतं." आई मधल्या मध्ये. नवरा मुलगा म्हणतो तू ठरवशील ते. तिचा प्रश्न: "मी हट्ट सोडू का? लोक म्हणतात लग्नात एवढा विचार करायचा नसतो. आणि खरं सांगू, मला पण पिंटरेस्टवरची ती पांढरी हायड्रेंजिया आणि पॅम्पास ग्रासवाली स्टेज मनातून हवीच आहे."

अगं, ती शेवटची ओळ तू ताजा कलम टाकावा तशी घाईघाईत लिहिलीस, पण मला सगळ्यात खरी तीच वाटली. तुला कचरा नकोय आणि तुला छान दिसणारी स्टेज पण हवीय, यात भांडण काहीच नाहीये, तूच ते लावून घेतलंयस. पर्यावरणाचं नाव काढलं की आपण लगेच गांधीवादी खादीचा पंचा नेसल्यासारखं वागायला लागतो, आणि मग घरचे म्हणतात हिला सगळं भकास करायचंय. सासूबाईंना पण कदाचित तीच भीती असेल, उष्टं हा शब्द नंतर सुचला असेल.

तर आधी तुझ्या पॅम्पासचं, म्हणजे त्या पिसासारख्या तुऱ्यांच्या गवताचं बघू, कारण ते सोपं आहे. तुझं लग्न मार्गशीर्षात, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर, आणि त्याच दिवसांत आपल्याकडे उसाला तुरे येतात. सोलापूर रोडने दौंडच्या बाजूला गेलीस की दिसतील, संध्याकाळच्या उन्हात ते रुपेरी तुरे बघ आणि मला सांग पॅम्पासपेक्षा कमी काय आहे त्यात. शेतकऱ्याला तर तो तुरा नकोच असतो, तुरा आला की उसाची वाढ थांबते आणि पुढे वजन पण घटायला लागतं, त्यामुळे विचारून, थोडे पैसे देऊन नेलेस तर कोणी नाही म्हणणार नाही. एकच आहे, तो झडतो. आदल्या दिवशी अंगणात उलटा धरून चांगला झटकायचा आणि वरून स्वस्तातला हेअरस्प्रे मारायचा (हो, मला माहितीये तो काही ईको नाही, एक डबा माफ), नाहीतर नवऱ्या मुलाच्या शेरवानीवर कापूस पिंजल्यासारखं होतं. सोबत ज्वारी-बाजरीची वाळकी कणसं. हायड्रेंजियाचं मात्र विसर, ते फूल पाण्याबाहेर काढलं की थोड्याच वेळात मान टाकतं, म्हणून तर त्याला एवढा फोम लागतो. पांढरंच हवं असेल तर पांढरी शेवंती आहे, गुलछडी आहे, अष्टर आहे, आणि डिसेंबर हा शेवंतीचा स्वतःचा सीझन, पुरंदर-दौंडकडून मार्केट यार्डात येते ती.

आता फोम म्हणजे काय ते सांगते कारण तुझ्या पत्रात 'प्लास्टिकची फुलं नकोत' आहे पण फोमचा उल्लेखच नाही, आणि बहुतेकांच्या यादीत तो नसतोच. खऱ्या फुलांच्या सजावटीत मागे त्या हिरव्या विटा असतात ना, पाण्यात बुडवल्या की जड होतात आणि त्यात देठ खुपसतात, डेकोरेटर लोक त्याला ओॲसिस म्हणतात, मूळ ते कंपनीचं नाव. ते फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचं प्लास्टिक असतं. बोटाने दाबलं की भुगा होतो आणि तो भुगा कुजत नाही, पाण्याबरोबर मोरीत, मोरीतून नदीत. म्हणजे वरची फुलं शंभर टक्के खरी, ऑरगॅनिक म्हणून फोटोत टाकायची, आणि खाली २०० विटा मायक्रोप्लास्टिक. इंग्लंडमधल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या सगळ्या फ्लॉवर शोजमध्ये फोमला बंदी केली, तो चेल्सीचा प्रसिद्ध शो पण त्यातच आला, तिथे काही सजावट कमी झाली नाही. थर्माकोल तर आपल्याकडे २०१८ मध्येच महाराष्ट्राने सजावटीसाठी बंद केलंय आणि २०२२ च्या जुलैपासून देशभर बंदी आहे, तरी हॉलमध्ये नावांची अक्षरं थर्माकोलची येतातच. तेव्हा 'नाही म्हणजे नाही' असं व्हॉट्सॲपवर लिहून घे डेकोरेटरकडून, तोंडी नको.

आणि हे घेऊन आता तुझं ते ईको पॅकेज उघडून बघ. मी पैज लावते की २ लाख ८० हजारांत पहिल्या क्रमांकावर ऑर्किड असतील, जी थायलंडहून विमानाने येतात. मग 'बांबू स्ट्रक्चर', म्हणजे तुझ्यासाठी नवीन बांबू कापून नवीन फ्रेम. मग १००-१५० रोपं पाहुण्यांना वाटायला. मला त्या रोपांबद्दल फार राग आहे, खरं सांगते, गेल्या काही वर्षांत ज्या ज्या लग्नांत रोपं वाटली तिथे शेवटच्या पंगतीनंतर खुर्च्यांखाली, बेसिनवर, पार्किंगमध्ये कुंड्या पडलेल्या बघितल्यात मी, मुंबईच्या बसने परत जाणारी मावशी मांडीवर तुळस घेऊन कशी जाणार सांग ना. सीडपेपरच्या, म्हणजे बिया घातलेल्या कागदाच्या पत्रिकांचं पण बऱ्याचदा तेच, ड्रॉवरमध्ये पडून राहतात बिचाऱ्या. हे सगळं नवीन वस्तू वाढवण्याचं ईको झालं. तुझे बाबा चिडलेत ते चूक नाहीयेत, त्यांना वास आलाय.

त्यामुळे मी तुला म्हणेन की सजावटीचा विचार टेंपोपासून सुरू कर. म्हणजे काय, लग्न लागलं, जेवणं झाली, चार वाजले, हॉलवाला म्हणतोय खाली करा, संध्याकाळची पार्टी येतेय. त्या क्षणी स्टेजवर जे जे आहे ते कोण उचलणार आणि कुठे नेणार? प्रत्येक वस्तूचं उत्तर आधी लिही. फ्रेम, डेकोरेटर परत नेणार, उत्तम. समया, पितळी घंगाळ, परड्या, आपल्या घरी. आजीच्या नऊवाऱ्या बॅकड्रॉपला लावल्या असतील तर आईच्या ट्रंकेत परत. हिरवी पानं आणि सुटी फुलं, यांचं खत. आणि ज्याचं उत्तर 'बघू तेव्हा' येतं ते यादीतून कापून टाक. बघ, एवढं केलंस तरी कोटेशन आपोआप खाली येईल. मला पर्यावरण एवढंच कळतं, नवीन किती आणलं आणि मागे काय उरलं.

डेकोरेटरला विचारायचे प्रश्न पण त्यातूनच निघतात, फुलं कशात टोचणार, हे बांबू परवा कुठे असतील, परत काय नेणार आणि फेकणार काय, फुलांचे किती आणि भाड्याचे, मजुरीचे, टेंपोचे किती वेगळे लिहून दे. शेवटच्या प्रश्नाला जो डेकोरेटर कुरकुर करतो त्याच्याकडे जाऊ नको. हॉलला पण आधी विचार, कारण बऱ्याच हॉल्सचा डेकोरेटर ठरलेला असतो, बाहेरचा आणला तर रॉयल्टी लावतात, हे नंतर कळलं की सगळं गणित फिसकटतं.

फोम नको म्हटल्यावर फुलं उभी कशी राहणार हे डेकोरेटर विचारेलच. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी, तिचा बोळा करून भांड्यात बसवायचा आणि देठ त्यात अडकवायचे, खाली पाणी. ती जाळी पुढच्या दहा लग्नांना चालते. एकेकट्या फुलाला पाण्याची छोटी नळी लावायची. आणि केळीचा बुंधा. केळीचा घड उतरला की तो बुंधा तसाही कापूनच टाकतात, पाण्याने गच्च असतो, वीतभर तुकडा उभा केला आणि टोकदार काडीने भोक पाडून गोंड्याचा देठ खुपसला की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फूल ताठ. माझ्या भाचीच्या लग्नात आम्ही हौसेने हेच केलं, वीस तुकडे, काय सुंदर दिसत होतं म्हणून सांगू, आणि सकाळी बघतो तर खालच्या पांढऱ्याशुभ्र कापडावर तपकिरी ओघळ, केळीचा चीक. तो डाग मरेपर्यंत जात नाही, कापड भाड्याचं होतं, भरून द्यावं लागलं, आणि माझी वहिनी आजही केळी कापताना माझ्याकडे बघते. तर खाली ताट ठेव किंवा परात, कापडाला चिकटवू नको. माळांना पण डेकोरेटर नायलॉनचा दोरा वापरतात, सुती दोरा सांग किंवा केळीच्या सोपटात बांधलेल्या वेण्या, म्हणजे नंतर दोरे सोडवत बसायला नको. जरीच्या झिरमिळ्या आणि चमकी मारलेले गजरे नकोत, त्यांचं खत होत नाही.

आता तो उष्ट्याचा विषय.

सासूबाई ज्या सोफ्यावर बसून फोटो काढणार आहेत तो सोफा काल कुणाच्या तरी लग्नात होता. ती फ्रेम, ते झुंबर, गालिचा, सगळं. अंतरपाट बऱ्याचदा गुरुजींच्या पिशवीतून येतो, त्या अंतरपाटाने शेकडो जोडपी बघितलेली असतात. फेटे भाड्याचे. वरातीची घोडी काय तुमच्यासाठी नवीकोरी आणणार आहेत का? पण हे त्यांना ऐकवू नको हां, एकदम बरोबर उत्तर आहे आणि एकदम निरुपयोगी, असल्या उत्तरांनी वाद जिंकतात आणि पुढची दहा वर्षं दिवाळीला टोमणे ऐकतात.

त्यापेक्षा त्या काय म्हणतायत ते जरा नीट ऐक. आपल्याकडे देवाला वाहिलेलं फूल परत वाहत नाहीत, त्याचं निर्माल्य होतं, हे त्यांच्या मनात पक्कं आहे आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. माझ्या मते गडबड एवढीच झालीये की तू 'सजावट' म्हणालीस आणि त्यांनी 'लग्न' ऐकलं. तर तू वाटणी करून सांग. देवकाची पानं, गौरीहर, बोहोलं, हार, मुंडावळ्या, दारावरचं तोरण, हे सगळं आपलं, ताजं, त्या दिवशी सकाळचं, त्याला दुसऱ्या कुणाचा हात नाही. आणि स्टेजची मागची भिंत ही भिंत आहे, मांडवाचे खांब जसे भाड्याचे तशी. मी शास्त्र सांगणारी नव्हे, पाहिजे तर तुमच्या गुरुजींनाच विचारायला लाव त्यांना, सासूबाईंनाच फोन करू दे, तू नको.

आणि त्यांना एक विचार, तुमच्या लग्नात मांडव कसा होता? हे मी तुला फार मनापासून सांगतेय, युक्ती म्हणून नाही. त्यांचं लग्न १९९० च्या आसपास झालं असेल तर बऱ्याच गावांत तेव्हा दारात मांडव पडायचा, मांडवडहाळे यायचे, बैलगाडीतून आंब्या-जांभळाच्या फांद्या वाजतगाजत आणायच्या, केळीचे खांब दाराशी, वर आंब्याची पानं. घरोघरचं देवक वेगळं, कुणाकडे पंचपल्लव, कुणाकडे कळंब. त्यांच्याकडचं कुठलं ते तुला माहितीये? मला वाटतं नसेल. विचारलंस तर तासभर बोलतील आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात येईल की तू जे मागतेयस ते त्यांना नवीन नाहीये. नाही आलं लक्षात तरी दारावरचं तोरण आणि केळीचे खांब हे खातं पूर्ण त्यांच्याकडे देऊन टाक, रंग, पानं, माणूस, सगळं त्यांनी ठरवायचं आणि तू मधे एक शब्द बोलायचा नाही, अगदी त्यांनी आंब्याच्या पानांत केशरी गोंडा घातला आणि तुझी पांढरी थीम बोंबलली तरी. मला तुझ्या पत्रावरून असं वाटलं की त्यांना कुणी काही विचारलेलंच नाही, थेट ठरलेलं कळलं. तुझा तो 'तू ठरवशील ते'वाला मुलगा, त्याला सांग की त्याच्या आईशी बोलायचं काम त्याचं आहे. गोड बोलून गप्प बसणं याला पाठिंबा म्हणत नाहीत.

मूळ कल्पनेचं काय, दुसऱ्यांची सजावट ठेवायची ती? चांगली आहे, फक्त नुसत्या भावनेवर करू नको. त्यांचं रिसेप्शन रात्री अकराला संपणार, तुझा मुहूर्त सकाळचा. डिसेंबरातल्या पुण्याच्या थंडीत फुलं रात्रभर बऱ्यापैकी राहतात, हे तुझं नशीब. शेवंती, झेंडू, हिरवी पानं, फर्न, हे सकाळी जवळजवळ तसंच असतं. जरबेरा मान टाकतो, गुलछडीच्या खालच्या कळ्या तपकिरी होतात, गुलाबाच्या कडा काळवंडतात. म्हणजे फ्रेम आणि हिरवाई त्यांची ठेवायची, पुढची नजरेत भरणारी फुलं सकाळी सहाला बदलायची, त्यासाठी दोन माणसांची मजुरी वेगळी धरायची. डेकोरेटर एकच हवा दोघांचा, नाहीतर रात्री बाराला त्यांचा माणूस येऊन सगळं उतरवून घेऊन जाईल आणि सकाळी तू रिकाम्या स्टेजकडे बघत बसशील. आणि रात्रीचा हॉल कुणाच्या ताब्यात, वॉचमनला कोण सांगणार, झाडूवाल्या मावशी पहाटे सगळं साफ करून टाकणार नाहीत ना, असल्या बारक्या गोष्टींवरच हे फसतं.

फुलं स्वतः आणायची असतील तर मार्केट यार्डात पहाटे जा, सुटी फुलं किलोवर आणि जरबेरा, डच गुलाब गड्डीवर मिळतात. फक्त तिथी बघ. मार्गशीर्षातले गुरुवार महालक्ष्मीचे, त्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत शेवंती-झेंडूचे भाव चढतात. लग्न गुरुवारी किंवा बुधवारी असेल तर खरेदी अलीकडे सरकव, शेवंती दोन-तीन दिवस गोणपाट ओला करून सावलीत ठेवली तर काही होत नाही. ज्यांची लग्नं एप्रिल-मेमध्ये आहेत त्यांनी मात्र हे करू नये, त्या उन्हात फुलांवर पैसे ओतण्यात अर्थच नाही, पानं, कापड, पितळ यांच्यावर सजावट उभी करावी आणि फूल म्हणजे फक्त मोगरा, तो त्याच दिवसांत असतो, वासानेच अर्धा हॉल सजतो.

कापडी फुलांबद्दल पण कुणी ना कुणी तुला म्हणेल की ती परत परत वापरता येतात, मग तीच ईको नाहीत का. डेकोरेटरकडे आधीच असलेली, पन्नास लग्नं बघितलेली असतील तर मी नाक नाही मुरडणार. पण 'मॅडम तुमच्यासाठी नवीन मागवतो' म्हणाला तर नको, बहुतेक ती पॉलिएस्टर-प्लास्टिकच असतात आणि दुसरीकडे आपला फूलवाला शेतकरी कधीपासून ओरडतोय की या नकली फुलांनी आमचा भाव पाडला.

लग्नानंतरचं दोन शब्दांत. एवढी फुलं सोसायटीच्या खतखड्ड्यात एका दिवशी टाकू नको, नुसती ओली फुलं सडतात आणि वास मारतात, वाळकी पानं किंवा भुसा अर्धाअर्धा लागतो. जवळच्या नर्सरीशी आधीच बोलून ठेव, आणि ओला-सुका वेगळा करून द्यायचा तर कचरावेचक ताईंना दोन दिवस आधी सांग, त्या दिवसाचे त्यांना वेगळे पैसे दे. गाईला घालू असं कुणीतरी काका म्हणतील, त्यांना थांबव, बाजारातल्या फुलांवर औषधं मारलेली असतात. झेंडूच्या मात्र पाकळ्या काढून ठेव. पातेल्यात पाण्यात तासभर मंद उकळायच्या, गाळायचं, तुरटीच्या पाण्यात भिजवून ठेवलेलं रेशमी कापड त्यात सोडायचं, हळदीपेक्षा जरा खोल असा पिवळा चढतो. सुती कापडाला जरा फिका येतो. गुलाबाच्या पाकळ्यांचा गुलाबी येईल अशा आशेवर राहू नको, मळकट येतो, मी एक ओढणी घालवलीये.

बाबांना नवीन कोटेशन दाखव, जुन्याच्या शेजारी ठेवून. वाटून घेतलेली फ्रेम, घरचं पितळ, ऑर्किड नाही, रोपं नाहीत, हे धरून ते नेहमीच्या १ लाख ६० हजारांच्या पण खाली यायला हवं, येत नसेल तर डेकोरेटर बदल.

पण या सगळ्याच्या आधी, आजच, त्या दुसऱ्या नवरीला फोन कर. तू एवढं सगळं ठरवलंस, घरात वाद घातलास, मला दीड पानाचं पत्र लिहिलंस, आणि तिला तिची स्टेज तुझ्याबरोबर वाटून घ्यायची आहे का, हे विचारल्याचं पत्रात कुठेच नाहीये. तिची सासू काय म्हणतेय ते पण विचार. आणि तिची थीम जांभळी निघाली तर मला परत लिही.